सावली आखूड होते तेव्हा

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात मंगळवेढ्याच्या शिवारात मोजणीसाठी उभी होते. साडेबाराला पाच-सात मिनिटे कमी असतील, तेवढ्यात हद्दीवर रोवलेल्या लाल-पांढऱ्या पट्ट्यांच्या दांड्याची सावली दिसेनाशी झाली. ती सकाळपासूनच आक्रसत आली होती. पण आमचे सगळ्यांचे लक्ष दुर्बिणीकडे, नकाशाकडे आणि बांधावर एकमेकांकडे पाठ करून उभ्या राहिलेल्या दोन भावांकडे होते. वर्षातून दोनदा, एकदा या दिवसांत आणि पुन्हा ऑगस्टच्या सुरुवातीला, आमच्या भागात सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या वस्तूची सावली तिच्याच पायाखाली जाते. ज्वारी केव्हाच निघालेली होती, काळी जमीन हात जाईल इतकी भेगाळलेली होती आणि नजरेच्या टप्प्यात झाड एकच होते, तेही दुसऱ्याच्या गटात. मी जीपच्या आडोशाला गेले, ओल्या रुमालाने चेहऱ्यावरचा घाम आणि धूळ टिपली आणि त्या दिवसातले दुसरे सनस्क्रीन लावले.

मी भूकरमापक आहे. म्हणजे सातबाऱ्यावर जे क्षेत्र कागदाने सांगितलेले असते ते जमिनीवर कुठून कुठपर्यंत आहे, हे दाखवून देण्याचे काम गेली २२ वर्षे करते. पिके उभी असताना मोजणी अवघड जाते, त्यामुळे आमचा कामाचा हंगाम नेमका उन्हाचा हंगाम असतो. एवढे असूनही त्यांतली पहिली १३ वर्षे मी चेहऱ्याला ऊन अडवणारे काहीही लावले नव्हते. आज जी नळी माझ्या पिशवीत असते तिच्यापर्यंत पोहोचायला त्यानंतरही बराच काळ, बरेच पैसे आणि एक मोठी चूक खर्ची पडली.

न लावण्यामागे आळस होता तसा थोडा हट्टही होता. आमच्या घरी उन्हाची भीती घातली जायची ती आजाराची नव्हती, रंगाची होती. "उन्हात हुंदडू नकोस, आधीच निमगोरी, त्यात रापलीस तर..." हे आईचे वाक्य कधी पूर्ण झाले नाही आणि ते पूर्ण करण्याची गरजही कोणाला वाटली नाही. ज्या काळात मी मोठी झाले त्या काळात चेहऱ्याला लावायची प्रत्येक वस्तू शेवटी गोरेपणाच्याच दुकानात नेऊन सोडायची. म्हणून सनस्क्रीन ही मला गोरे करणाऱ्या क्रीमचीच चुलत बहीण वाटली आणि नोकरी लागल्यावर, आता आपल्या रंगाचा हिशेब कोणाला द्यायचा नाही या समाधानात, मी तिच्याकडे पाठ फिरवली. चुलत बहीण नव्हती ती, हे मला ३८व्या वर्षी कळले.

त्या वर्षी माझ्या दोन्ही गालांच्या उंचवट्यांवर आणि वरच्या ओठावर तपकिरी डाग उमटले. ढगाची सावली शेतावर पडावी तसे त्यांचे काठ पुसट होते. आपल्याकडे याला वांग म्हणतात. गरोदरपण, गर्भनिरोधक गोळ्या, आनुवंशिकता अशी त्याची कारणे असतात आणि या सगळ्यांना पेटवणारी काडी म्हणजे ऊन. मी डॉक्टरकडे जाण्याऐवजी औषधाच्या दुकानात गेले आणि दुकानदाराने न विचारता, न बघता एक लहानशी नळी काढून दिली. "सगळ्या बायका हेच नेतात," असे तो म्हणाला. पंधरा दिवसांत डाग फिके झाले, महिन्यात चेहरा उजळला, कार्यालयात विचारपूस झाली आणि मी दुसरी नळी आणली, मग तिसरी. पाचव्या महिन्यात गाल लाल राहू लागले, त्यांवर बारीक लव आली आणि सकाळी नऊच्या उन्हात पाऊल टाकले तरी चेहऱ्याला तिखट लागल्यासारखी आग होऊ लागली. लावणे थांबवले तर डाग दुपटीने परतले.

त्या नळीत तीन औषधांचे मिश्रण होते: रंगद्रव्य कमी करणारे हायड्रोक्विनोन, सालपट काढणारे ट्रेटिनॉइन आणि एक स्टेरॉइड. त्वचारोगतज्ज्ञ हेच मिश्रण वांगावर मोजक्या आठवड्यांसाठी, डोळ्यांत तेल घालून वापरतात. आपल्याकडे ते गोरेपणाचे मलम म्हणून वर्षानुवर्षे चोपडले गेले. २०१८ मध्ये सरकारने स्टेरॉइडची अनेक मलमे 'शेड्यूल एच'मध्ये घातली, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून ती विकता येत नाहीत. माझ्या गालांना तो नियम थोडा उशिरा आला. जिच्याकडे शेवटी गेले त्या डॉक्टर बाईंनी आधी ती नळी कचऱ्याच्या डब्यात टाकली आणि मग म्हणाल्या, "आता वर्षभर तुमचं मुख्य औषध एकच, सनस्क्रीन. बाकीचं मी नंतर बघेन."

तीन महिन्यांनी मी पुन्हा गेले तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न डागांविषयी विचारला नाही. "ट्यूब कितवी चालू आहे?" त्यांनी विचारले आणि मी, काटकसरीने संसार केलेल्या बाईच्या अभिमानाने, पहिलीच अजून निम्मी शिल्लक असल्याचे सांगितले. त्या हसल्या. मग टेबलावरच्या कागदावर त्यांनी जो हिशेब मांडला तो एका मोजणीवालीला स्वतःलाच सुचायला हवा होता. डब्यावर छापलेला एसपीएफचा, म्हणजे उन्हापासूनच्या संरक्षणाचा आकडा प्रयोगशाळेत ठरतो तेव्हा त्वचेच्या दर चौरस सेंटिमीटरवर २ मिलिग्रॅम इतका थर दिलेला असतो. चेहरा आणि मान मिळून साधारण ५०० ते ६०० चौरस सेंटिमीटर भरतात, म्हणजे एका वेळेला एक ग्रॅमहून थोडे जास्त लागते. तर्जनी आणि मधले बोट यांच्यावर मुळापासून टोकापर्यंत दोन रेघा ओढल्या की जवळपास तेवढे होते. दिवसातून दोनदा लावले तर ५० ग्रॅमची नळी तीन-साडेतीन आठवड्यांत संपली पाहिजे. माझी तीन महिन्यांत निम्मी झाली होती. म्हणजे मी आवश्यक थराच्या सातव्या-आठव्या हिश्शाने चेहरा नुसता पुसत होते आणि आपण एसपीएफ ५० लावतो या समजुतीत उन्हात उभी राहत होते. मोजणीच्या साखळीच्या कड्या गळाल्या तर क्षेत्र जसे चुकते, तसेच हे आहे. सर्वसाधारण माणूस ठरलेल्या मापाच्या पाव ते निम्मेच सनस्क्रीन लावतो, असे अनेक पाहण्यांत दिसून आलेले आहे, तेव्हा या चुकीत मी एकटी नव्हते. पण मोजमापाचे काम करून मी या चुकीत असावे, याची लाज मात्र एकटीचीच होती.

आकड्यांविषयी थोडे सांगायला हवे, कारण दुकानात सगळा झगडा आकड्यांचाच असतो. एसपीएफ हा आकडा त्वचा भाजून लाल करणाऱ्या किरणांविषयी, म्हणजे मुख्यतः यूव्हीबी या अतिनील किरणांविषयी बोलतो. पूर्ण थर दिला असेल तर एसपीएफ १५ यांतले सुमारे ९३ टक्के किरण अडवते, ३० सुमारे ९७ टक्के आणि ५० सुमारे ९८ टक्के. म्हणजे ३० वरून ५० वर गेल्याने हाती एक टक्का लागतो आणि १०० वर गेल्याने आणखी एक. दुसऱ्या बाजूने पाहिले तर आत येणारे किरण शंभरांतले तीनांचे दोन होतात, आणि दिवसभर उन्हात उभे राहणाऱ्याला तेही थोडके नाही. शिवाय थर पातळच लावला जाणार हे गृहीत धरले तर मोठा आकडा थोडा सांभाळून घेतो. म्हणून मी ५० वापरते, पण १०० च्या मागे जात नाही.

जो आकडा मी आधी वाचायला हवा होता तो आकडा नसून चिन्हे आहेत. जमिनीवर पोहोचणाऱ्या अतिनील किरणांत सुमारे ९५ टक्के वाटा यूव्हीए या दुसऱ्या प्रकारचा असतो; हे किरण भाजत नाहीत, म्हणून जाणवत नाहीत, पण त्वचेत खोल उतरतात, काळवंडवतात आणि सुरकुत्या पाडतात. त्यांच्यापासून किती संरक्षण मिळते हे सांगण्याची जपानची पद्धत १९९६ पासून चालत आलेली आहे, ती पीए या अक्षरांपुढे अधिकची चिन्हे देते. चौथे चिन्ह २०१३ मध्ये जोडले गेले. आपल्याकडच्या बहुतेक नळ्यांवर आता ती दिसतात. गहूवर्णी त्वचेला भाजण्यापेक्षा काळवंडण्याचे दुखणे मोठे असते, तेव्हा आपल्यासाठी पीए++++ हे एसपीएफच्या पुढच्या दहा-वीस आकड्यांपेक्षा अधिक कामाचे, असे माझे मत झाले आहे.

लावायचे केव्हा, याविषयी डॉक्टर बाईंनी सांगितलेली खूण मात्र मी लगेच उचलली, कारण ती माझ्या धंद्यातलीच होती. तुमची सावली तुमच्या उंचीपेक्षा आखूड असेल तेव्हा ऊन जोरात आहे असे समजा, असे त्या म्हणाल्या. सूर्य क्षितिजापासून ४५ अंशांवर असतो तेव्हा सावली आणि उंची सारखी होते. त्याच्या वर गेला की किरणांना वातावरणातून कमी अंतर कापावे लागते आणि ते अधिक संख्येने खाली पोहोचतात. घरी येऊन मी सोलापूरच्या अक्षांशावरून हिशेब केला आणि जे निघाले त्याने मला चमकवले. २२ डिसेंबरला, म्हणजे ज्या दिवशी सूर्य सर्वांत दक्षिणेला असतो त्या दिवशीही, आमच्याकडे दुपारी तो ४५ अंशांच्या वर असतो. माझ्यासारख्या पाच फूट दोन इंच उंचीच्या बाईची सावली त्या दुपारी साडेचार फूटच पडते. माझी एक मावसबहीण लंडनला असते. तिच्याकडे अशी आखूड सावली साधारण एप्रिल ते ऑगस्ट एवढ्याच काळात दिसते. आम्हाला या आखूड सावलीतून वर्षभर सुटका नाही. हिवाळ्यात ऊन 'कोवळे' वाटते ते उष्णता कमी असते म्हणून. उष्णता आणि अतिनील किरण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पातळ ढग उष्णता अडवतात तेव्हाही बरेचसे अतिनील किरण त्यांतून पार होऊन येतात. महाबळेश्वरला गारव्यात फिरून येणाऱ्यांचे चेहरे का काळवंडतात, त्याचे अर्धे उत्तर इथे आहे. उरलेले अर्धे उंचीत आहे, कारण दर हजार मीटरला या किरणांचे प्रमाण सुमारे दहा टक्क्यांनी वाढते.

आता प्रत्यक्ष निवडीची कहाणी. पहिली नळी झिंक ऑक्साइडची होती, चांगली घट्ट, आणि पूर्ण मापाने ती लावून मी ज्या सकाळी कार्यालयात गेले त्या सकाळी शिपायाने कळवळून विचारले, "मॅडम, बरं वाटत नाही का?" आरशात पाहिले तर चेहऱ्यावर राखेची जांभळट झाक होती, पिठाच्या गिरणीत दिवसभर उभ्या राहिलेल्या माणसाच्या भुवयांवर असते तशी. गोऱ्या कातडीवर हा थर विरून जातो, सावळ्या कातडीवर तो बोलू लागतो. आणि जे चेहऱ्यावर वाईट दिसते ते माणूस कमी लावतो, असा साधा हिशेब आहे. झिंक ऑक्साइड आणि टायटॅनियम डायऑक्साइड आरशासारखे किरण परतवतात असे सर्रास सांगितले जाते. वास्तविक तेही बहुतांश किरण शोषूनच घेतात. ते चुणचुणत नाहीत, नाजूक त्वचेला सोसतात, हा त्यांचा खरा गुण.

दुसरी नळी जेलची होती, पाण्यासारखी पातळ, लावली की नाहीशी होणारी. तिच्यावर मी खूष होते, ती एका तक्रारीच्या मोजणीपर्यंत. तापमान ४२ अंशांवर होते, घामाची धार कपाळावरून थेट डोळ्यात उतरली आणि जेलमधले जे काही होते ते तिच्याबरोबर उतरले. मी दुर्बिणीला डोळा लावलेला, डोळ्यातून पाण्याच्या धारा वाहत आहेत आणि बांधावरचा एक म्हातारा लगतधारक दुसऱ्याला हळू आवाजात म्हणतो आहे, "बघ, आपलं भांडण बघून मॅडमला बी रडू आलं." त्या दिवशी मी दोन गोष्टी शिकले. घामाच्या धंद्यात 'वॉटर रेझिस्टंट' लिहिलेलेच घ्यावे, आणि कपाळाच्या वरच्या भागाला व डोळ्यांभोवती झिंकवालेच लावावे, उरलेल्या चेहऱ्याला हवे ते. आजही मी दोन नळ्या वापरते, याचे कारण तो म्हातारा आहे.

ती जेलची नळी पुढे वायाच गेली. स्कूटरच्या डिकीत ती आठवडाभर राहिली आणि उघडली तेव्हा आधी पिवळसर पाणी आले, मग दह्यासारख्या गुठळ्या. सनस्क्रीन हे पाणी आणि तेल यांचे घट्ट बांधलेले मिश्रण असते. भर उन्हाळ्यात डिकीतल्या भट्टीत ते फुटते, आणि फुटले की त्यातले औषध सारखे पसरत नाही. तेव्हापासून नळी जेवणाच्या डब्याच्या पिशवीत, ताकाच्या बाटलीला टेकून असते.

डाग कमी होत होते, पण एका मर्यादेपुढे हलत नव्हते, आणि याचे कारण कळायला मला आणखी वर्ष लागले. आपल्यासारख्या वर्णाच्या लोकांत केवळ अतिनील किरणच काळवंडवतात असे नाही. डोळ्यांना दिसणारा प्रकाश, विशेषतः त्यातला निळा-जांभळा भाग, हाही रंगद्रव्य वाढवतो आणि ते दीर्घकाळ टिकते. अत्यंत गोऱ्या लोकांत हा परिणाम जवळजवळ दिसत नाही, त्यामुळे त्यांच्यासाठी बनलेल्या मोजमापांत त्याला जागाच नव्हती. एसपीएफ आणि पीए दोन्हीही या प्रकाशाविषयी मौन पाळतात. पारदर्शक सनस्क्रीन या प्रकाशाला अडवू शकत नाही, कारण जे पारदर्शक आहे ते प्रकाश पार जाऊ देणारच. त्याला अडवतात ती लोहाची ऑक्साइड्स, तांबडी, पिवळी आणि काळी, जी रंगीत म्हणजे 'टिंटेड' सनस्क्रीनमध्ये घातलेली असतात. हे वाचले तेव्हा मला आजीचे तुळशीवृंदावन आठवले. दिवाळीआधी ती त्याला गेरू लावायची. गेरू म्हणजे लोहाचे ऑक्साइडच. (कोणी उत्साहाने गेरू चेहऱ्याला लावू नये; अंगणातल्या मातीला आणि चेहऱ्याच्या मलमाला शुद्धतेचे नियम वेगळे आहेत.) अडचण अशी होती की दुकानात मिळालेली पहिली रंगीत नळी गुलाबीसर निघाली, परदेशी कातडीच्या छटेची, आणि ती लावून मी कुठल्यातरी नाटकातल्या मेमसाहेबासारखी दिसत होते. आता गव्हाळ, सावळ्या छटा मिळू लागल्या आहेत. हनुवटीच्या कडेवर, दाराशी उजेडात लावून पाहायचे. जी छटा नाहीशी होते ती आपली. माझ्या वांगाने खरी माघार घेतली ती या नळीनंतर.

इतरांनी माझीच नळी घ्यावी असे मी म्हणणार नाही, कारण आमच्या चार टेबलांवरही चार प्रकारची त्वचा आहे. तेलकट चेहऱ्याच्या आणि मुरुमे येणाऱ्या माणसाने जेल किंवा पातळ द्रव घ्यावा आणि त्यावर 'नॉन-कॉमेडोजेनिक', म्हणजे छिद्रे न बुजवणारे, असे लिहिलेले पाहावे. कोरड्या त्वचेला क्रीमच मानवते. ज्यांना काहीही लावले की चुणचुणते त्यांनी बिनवासाचे झिंकवाले घ्यावे आणि आधी दोन-तीन दिवस कानामागे लावून पाहावे. दाढी, भरघोस केसांचे हात असलेल्या पुरुषांना क्रीम गुठळ्या करते, त्यांना जेल बरे. आणि टक्कल, कानाचे वरचे टोक व मानेची मागची बाजू विसरू नये. आमच्याकडची गांधी टोपी डोके झाकते, पण तिला काठ नाही, त्यामुळे कान उघडेच राहतात. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला सनस्क्रीन लावायचे नसते, त्याला सावलीतच ठेवायचे. आणि डॉक्सिसायक्लिनसारखी काही औषधे चालू असताना त्वचा उन्हाला जास्तच हळवी होते, हे मुरुमांसाठी ती गोळी घेणाऱ्या तरुण मुलींना कोणी तरी सांगायला हवे. ड जीवनसत्त्वाचा प्रश्न मला हटकून विचारला जातो. माझे उत्तर एवढेच की रक्त तपासून घ्यावे आणि कमी असेल तर गोळी घ्यावी, गाल पणाला लावू नयेत.

लिंबाविषयी मात्र थांबून सांगते. माझी १६ वर्षांची मुलगी एका सुट्टीत कोपरांचा काळेपणा जावा म्हणून त्यांवर लिंबाची फोड घासून मैत्रिणींबरोबर बाहेर गेली. तिसऱ्या दिवशी तिच्या कोपराखाली, जिथे रस ओघळला होता तिथे, भाजल्यासारखा लाल ओघळ उमटला आणि तो पुढे दोन महिने काळा राहिला. लिंबाच्या सालीत फ्युरोकूमरिन नावाची द्रव्ये असतात. त्यांच्यावर यूव्हीए पडले की ती त्वचा जाळतात. काळेपणा घालवायला निघालेली पोर एक नवा काळा नकाशा घेऊन परत आली. मी रागावले नाही. आईचे ते अर्धे वाक्य कोणत्या वाटेने तिच्यापर्यंत पोहोचले असेल, याचाच मी विचार करत राहिले. मी तर ते घरात कधी उच्चारले नव्हते.

आमची जीप चालवणाऱ्या मामांनाही मी एकदा त्यांचे हात शेजारी शेजारी धरायला लावले. उजवा हात कोपरापर्यंत डाव्यापेक्षा स्पष्ट दोन छटांनी गडद होता. २०१२ मध्ये एका अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात ६९ वर्षांच्या ट्रकचालकाचे छायाचित्र आले होते. २८ वर्षे गाडी चालवून त्याच्या चेहऱ्याची डावी बाजू सुरकुत्यांनी पार ओघळून गेली होती आणि उजवी वीस वर्षांनी तरुण दिसत होती. तिकडे चालक डावीकडे बसतो, आपल्याकडे उजवीकडे. बाजूची काच यूव्हीबी अडवते, पण यूव्हीए बरेचसे आत येऊ देते, त्यामुळे काच लावून बसलेल्यालाही सुटका नाही. मामांनी छायाचित्र बराच वेळ पाहिले आणि मग विचारले, "म्हणजे रिटायर होईपर्यंत माझा अर्धाच चेहरा म्हातारा होणार?" त्यांना मी नळी देऊ केली, ती त्यांनी घेतली नाही, दुसऱ्या दिवशी उजव्या हातावर चढवायची कापडी बाही मात्र विकत घेऊन आले.

ते माझ्यापेक्षा शहाणे आहेत, असे मला त्या दिवशी वाटले. सनस्क्रीनविषयी इतके लिहिले तरी कापडाचा दर्जा वरचा आहे हे कबूल केले पाहिजे. कापड दोन तासांनी पुन्हा लावावे लागत नाही, घामाने डोळ्यात उतरत नाही आणि त्याचा थर कमी-जास्त होत नाही. फक्त ते दाट विणीचे हवे; पातळ पांढरा सुती सदरा दिसायला थंड असतो, पण त्यातून ऊन बरेच झिरपते, ओला झाला तर आणखीच, आणि त्याच विणीचे गडद रंगाचे कापड जास्त अडवते. पुण्यात दुचाकीवरच्या मुली डोळे सोडून सगळा चेहरा स्कार्फने गुंडाळतात, त्याची टिंगल करणाऱ्यांनी एकदा मे महिन्यात दुपारी उड्डाणपुलावर सिग्नलला थांबून पाहावे. मी स्वतः रुंद काठाची टोपी, पूर्ण बाह्यांचा कुडता आणि जे उघडे राहते त्याला सनस्क्रीन, या क्रमाने जाते. एका मोजणीत हातांवर कोड असलेले शेतकरी भेटले होते. पांढऱ्या डागांत रंगद्रव्य उरत नाही, त्यामुळे ते तेवढेच भाजून लाल झाले होते. त्यांना मी माझी झिंकची नळी देऊन आले, पण खरे सांगायचे तर बाह्या मनगटापर्यंत खाली घ्या हे आधी सांगितले.

त्या शून्य सावलीच्या दुपारी मी जीपच्या आडोशाला लावत होते तेव्हा शेजारच्या गटात धसकटे वेचणाऱ्या बायकांपैकी एक पाणी मागायला आली होती. लुगड्यावरून नवऱ्याचा पूर्ण बाह्यांचा जुना सदरा, मनगटाशी गुंडी लावलेली, डोक्याला टॉवेल, त्याची टोके हनुवटीखाली गाठवलेली. बाटली तोंडाला न लावता ती वरून पाणी प्यायली आणि माझ्या बोटांवरच्या दोन रेघांकडे पाहत राहिली.

"मॅडम, ह्यानं गोरं हुतंय व्हय?"

"नाही मावशी. आहे तसंच राहतं."

"मग कशाला लावायचं?"

मी गाल तिच्याकडे वळवून उरलेले डाग दाखवले आणि हे वाढू नयेत म्हणून, असे सांगितले. तिने अगदी जवळ येऊन पाहिले, मग टॉवेलची गाठ सैल करून स्वतःचा गाल दाखवला. तोच आकार, तोच पुसट काठ, फक्त माझ्यापेक्षा गडद. तिने हात पुढे केला. मी मुठीच्या मागच्या बाजूवर थोडे काढून दिले. तिने ते चोळले, वास घेतला, उन्हाकडे हात धरून उलटसुलट करून पाहिला.

"केवढ्याला येती ही नळी?"

नळी ४८० रुपयांची होती आणि तिची दिवसाची हजेरी ३०० रुपये होती, हे मला ठाऊक होते. "दोनशे," मी म्हणाले.

"दोनशेत जुन्या बाजारात चार सदरे येत्यात की वो," ती म्हणाली आणि टॉवेलची गाठ पुन्हा आवळत धसकटांकडे निघून गेली.